असुर शरण येतो तेव्हा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला महाराष्ट्रात घरोघरी गणपतीची प्रतिष्ठापना होते. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेची संवत्सरी बहुधा याच तिथीला येते. स्थानकवासी आणि तेरापंथी श्रावक ती पंचमीला पाळतात. दिगंबर परंपरेचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला पूर्ण होते आणि त्याच चतुर्दशीला गावोगावचे गणपती विसर्जनासाठी निघतात. बाजारपेठेच्या गावात या दिवसांत एका गल्लीत ढोल-ताशा वाजत असतो आणि पलीकडच्या गल्लीतील जिनमंदिरात तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांपैकी त्या दिवसाचा अध्याय वाचला जात असतो. दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या व्यापाऱ्याच्या कानांवर दोन्ही आवाज पडतात. पिढ्यानपिढ्या असेच चालत आले आहे. मात्र दोन्हीकडे मनातल्या त्याच शत्रूंविषयी बोलले जात आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

गाणपत्य संप्रदायात मुद्गल पुराणाला मोठा मान आहे. मोरगाव हे त्या संप्रदायाचे प्रमुख क्षेत्र. या पुराणाचे नऊ खंड असून पहिल्या आठ खंडांत गणेशाच्या आठ अवतारांच्या कथा आहेत. प्रत्येक अवतारासमोर एक असुर उभा आहे आणि त्या असुरांची नावे ऐकताच कोणाही श्रावकाचे कान टवकारावेत अशी आहेत. वक्रतुंडासमोर मत्सरासुर, एकदंतासमोर मदासुर, महोदरासमोर मोहासुर, गजाननासमोर लोभासुर, लंबोदरासमोर क्रोधासुर, विकटासमोर कामासुर, विघ्नराजासमोर ममासुर आणि धूम्रवर्णासमोर अहंकारासुर. येथे असुर म्हणजे विकार, हे शोधून काढण्यासाठी पंडित लागत नाही. पुराणकारानेच ते नावात सांगून ठेवले आहे.

या कथांमधील दोन गोष्टी विशेष विचार करण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट या असुरांच्या जन्माची. मत्सरासुर इंद्राच्या प्रमादातून जन्मला. लोभासुर धनाधिपती कुबेरापासून निर्माण झाला. ममासुर पार्वतीच्या हास्यातून उत्पन्न झाला, तर अहंकारासुर सूर्याच्या शिंकेतून. म्हणजे यांतला एकही परक्या मुलखातून चालून आलेला नाही. श्रेष्ठांच्या, संपन्नांच्या, तेजस्वी व्यक्तींच्या एका असावध क्षणात त्यांचे मूळ आहे. दुसरी गोष्ट त्यांच्या शेवटाची. इतर पुराणकथांत असुराचा वध होतो, देव पुष्पवृष्टी करतात आणि कथा संपते. या आठ कथांत मात्र बहुतेक असुर शेवटी शरण येतात. त्यांना अभय मिळते, राहण्याची जागा नेमून दिली जाते आणि मर्यादा घातली जाते.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला हा शेवट जवळचा वाटावा, यात नवल नाही.

परक्या कथेकडे पाहण्याची जैन रीत

येथे एक शंका प्रामाणिकपणे विचारात घेतली पाहिजे. जैन दर्शनात सृष्टीचा कर्ता नाही आणि वर देणारा देवही नाही. जीव स्वतः कर्म बांधतो आणि स्वतःच्या पुरुषार्थाने त्याची निर्जरा करतो. मग देवाने येऊन असुर जिंकल्याच्या कथा श्रावकाच्या काय उपयोगाच्या?

या शंकेचे उत्तर आचार्यांनी आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे. विमलसूरींनी प्राकृतात पउमचरिय लिहिले, रविषेणांनी संस्कृतात पद्मपुराण रचले, हेमचंद्राचार्यांनी त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात रामकथा सांगितली. रामाची कथा त्यांनी त्याज्य मानली नाही. स्वतःच्या सिद्धांताच्या प्रकाशात ती पुन्हा मांडली. जैन रामायणात रावणाला खरोखरीची दहा मस्तके नाहीत. त्याच्या गळ्यातील हाराच्या नऊ रत्नांत त्याचा चेहरा प्रतिबिंबित होतो, म्हणून तो दशमुख म्हणवला जातो. तेथे रावणाचा वधही रामाच्या हातून होत नाही. तो लक्ष्मणाच्या हातून होतो आणि त्याचे कर्मफल लक्ष्मणाला भोगावे लागते; राम मात्र दीक्षा घेऊन मोक्षाला जातात.

कथा घ्यावी, तिच्यातील सत्य पारखावे आणि आपल्या तत्त्वाला धरून ते आचरणात आणावे, ही रीत आचार्यांनी घालून दिली. सराफ कोणाच्याही घरचे सोने नाकारत नाही. तो ते कसोटीवर घासून पाहतो. त्या रीतीने पाहिले, तर पुराणांतील असुर हे चार कषायांना समजून घेण्याचे उत्तम साधन ठरतात. क्रोध, मान, माया आणि लोभ हे ते चार कषाय. दशलक्षणातील पहिले चार धर्म, म्हणजे क्षमा, मार्दव, आर्जव आणि शौच, हे याच चौघांवरचे क्रमाने सांगितलेले उपाय आहेत.

क्रोध : प्रीतीचा पती

क्रोधासुराच्या कथेत एक बारीकसा तपशील आहे. या असुराच्या पत्नीचे नाव प्रीती आणि त्याच्या दोन पुत्रांची नावे हर्ष आणि शोक. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. क्रोधाच्या घरात प्रीती कशी नांदेल? परंतु संसाराचा अनुभव असणाऱ्याला यातील सत्य लगेच पटते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर आलेला राग संध्याकाळपर्यंत विरून जातो. वर्षानुवर्षे जळत राहणारा राग भावावर असतो, मुलावर असतो, भागीदारावर असतो. जेथे प्रीती होती तेथेच क्रोध घर करतो आणि मग हर्ष-शोकांचा वंश वाढवत राहतो. दशवैकालिक सूत्रात क्रोधाला प्रीतीचा नाश करणारा म्हटले आहे. पुराणाने त्याच प्रीतीला क्रोधाच्या घरात बसवले. दोघांचे निरीक्षण एकच आहे: क्रोधाची पहिली झळ प्रीतीलाच लागते.

देवीमाहात्म्यातील रक्तबीजाची कथा क्रोधाचे दुसरे अंग दाखवते. या असुराच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला, की त्यातून तसाच दुसरा असुर उठे. जितके वार करावेत तितके असुर वाढत. अखेर कालीने थेंब जमिनीवर पडण्यापूर्वीच आपल्या मुखात घेतले, तेव्हा ती वाढ थांबली. एकत्र कुटुंबातील भांडण याहून वेगळे नसते. एक शब्द पडतो, त्यातून दुसरा उठतो. मोठ्यांचा शब्द लहानांपर्यंत पोहोचतो, लहानांचा माहेरी जातो, आणि आठ दिवसांत कोणी काय म्हटले होते याचा पत्ता लागेनासा होतो. अशा वेळी घरात कोणीतरी एक जण असा असावा लागतो, की ज्याच्यापाशी आलेला शब्द पुढे जात नाही. ते काम बहुधा एखादी आजी किंवा थोरली सून करते आणि तिच्या त्या तपाची नोंद कोठेच होत नाही.

जैन कर्मग्रंथांत क्रोधाच्या चार तीव्रता सांगितल्या आहेत. दगडावरची रेघ, जमिनीवरची भेग, धुळीतील रेघ आणि पाण्यावरची रेघ. पहिली पुसता पुसली जात नाही. शेवटची उमटते न उमटते तोच मिटते. गृहस्थाला राग येणारच नाही अशी अपेक्षा शास्त्रानेही केलेली नाही. आपली रेघ कोणत्या पृष्ठभागावर उमटते आहे, एवढे त्याने पाहायचे आहे.

भगवान महावीर आणि चंडकौशिक सर्प यांची कथा जैन घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या सर्पाला कोणी मारले नाही. भगवंतांच्या शांत दृष्टीसमोर त्याला स्वतःच्या पूर्वभवाचे भान आले. मग त्याने तोंड बिळात घालून शरीर निश्चल ठेवले आणि मुंग्या चावत राहिल्या तरी तो हलला नाही. एखादी मुंगीही आपल्या अंगाखाली चिरडू नये, इतकी करुणा त्याच विषारी देहात उत्पन्न झाली. लंबोदरासमोर शरण आलेला क्रोधासुर आणि बिळाशी निश्चल पडलेला चंडकौशिक हे एकमेकांचे सगेसोयरे शोभावेत असे आहेत.

मान : पालखीतला अजगर

महाभारतातील नहुष राजा पुण्यवान होता. इंद्रपद रिकामे झाले, तेव्हा देवांनी आणि ऋषींनी मिळून त्याला त्या आसनावर बसवले. पद मिळेपर्यंत तो चांगला होता, हे विसरता कामा नये. पद मिळाल्यावर त्याने ऋषींना आपली पालखी वाहायला लावली. प्रचलित कथेनुसार वेग वाढावा म्हणून त्याने ‘सर्प, सर्प’, म्हणजे चला, चला, अशी घाई केली आणि अगस्त्यांना लाथ मारली. अगस्त्यांच्या शापाने तो खरोखरच सर्प होऊन पृथ्वीवर पडला.

कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. कित्येक काळानंतर अजगररूपी नहुषाने वनात भीमाला विळखा घातला. बलाढ्य भीमाला सुटता येईना. युधिष्ठिर तेथे आला, तेव्हा अजगराने त्याला प्रश्न विचारले. श्रेष्ठ कोणाला म्हणावे, या प्रश्नावर युधिष्ठिराने जन्माला महत्त्व न देता सत्य, क्षमा, दया अशा गुणांचे महत्त्व सांगितले. ते उत्तर ऐकून अजगराने भीमाला सोडले आणि तो स्वतःही शापमुक्त झाला. नहुष हा पांडवांचा पूर्वज. ज्याने ऋषींकडून पालखी वाहून घेतली, त्याची सुटका आपल्याच वंशातील एका मुलाचे बोलणे नीट ऐकून घेतल्याने झाली.

व्यापारी घराण्यांना ही कथा विशेष लागू पडते. पेढी ज्याने शून्यातून उभी केली, त्याला मुलाचा नवा विचार ऐकणे जड जाते. मुलगा हिशेब संगणकावर करू म्हणतो, नातू दुकानाचा मालच बदलू म्हणतो, आणि थोरल्यांना तो आपल्या आयुष्यभराच्या कष्टांचा अपमान वाटतो. विळखा पडतो तो घरच्याच माणसाला. ऐकून घेणे हे मार्दवाचे सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड रूप आहे.

बाहुबलींची कथा याच्या शेजारी ठेवावी. वर्षभर कायोत्सर्गात उभे राहून, अंगावर वेली चढल्या तरी, श्वेतांबर परंपरेनुसार त्यांना केवलज्ञान झाले नाही. कारण आधी दीक्षित झालेल्या धाकट्या भावांना वंदन कसे करावे, हा एक सल उरला होता. ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी त्यांना हत्तीवरून उतरण्यास सांगितले. तेथे हत्ती नव्हताच. होता तो मान. ज्या क्षणी पाऊल उचलले, त्या क्षणी ज्ञान झाले. श्रवणबेळगोळच्या ५७ फूट उंच मूर्तीशी तर आणखी एक आख्यायिका जोडलेली आहे. ही मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायाच्या मनात कर्तृत्वाचा गर्व आला, तेव्हा घडेच्या घडे दूध ओतूनही अभिषेक मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना. एका गरीब म्हातारीने लहानशा वाटीतले दूध अर्पण केले आणि मूर्ती चरणांपर्यंत न्हाऊन निघाली. मोठ्या देणगीदारांची नावे दगडावर कोरण्याच्या काळात त्या म्हातारीची मूर्तीही तेथे बाहुबलींच्या समोर उभी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माया : चार बोटे खाली आलेला रथ

गणेशाच्या आठ असुरांमध्ये मत्सर आहे, मद आहे, मोह आहे; पण कपट या अर्थाच्या मायेचा स्वतंत्र असुर नाही. जैन विचाराने मात्र तिला चार कषायांत मानाचे स्थान दिले आहे. कदाचित व्यापाराशी जवळचा संबंध असलेल्या समाजाला तिची ओळख अधिक जवळून झाली असावी.

मायेची शिकवण देणारी पुराणकथा हवी असेल, तर ती द्रोणपर्वात आहे. युधिष्ठिराचा रथ सत्याच्या बळावर भूमीपासून चार बोटे वर चालत असे. द्रोणाचार्यांचा पराभव व्हावा म्हणून भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेल्याचे ओरडून सांगितले. द्रोणांनी खरे-खोटे विचारले ते युधिष्ठिराला. कारण तो असत्य बोलणार नाही, हा त्यांचा विश्वास होता. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगितले आणि हत्ती हा शब्द अस्पष्ट उच्चारला. त्या क्षणापासून त्याचा रथ इतरांच्या रथांसारखा जमिनीवरून चालू लागला.

या कथेत युधिष्ठिर खोटे बोललेला नाही. प्रत्येक शब्द सुटा घेतला, तर खराच आहे. व्यापारातील माया बहुधा अशीच असते. माल दाखवला तोच असतो, फक्त वरच्या थरातला. वजन बरोबर असते, बारदानाची वजावट मात्र बोलली जात नाही. दर सांगितला तोच असतो, हमाली आणि तोलाई मागाहून पट्टीवर उतरते. यांतले काही कायद्याने पकडता येते, काही येत नाही. रथ किती बोटे खाली आला, हे ज्याचे त्याला कळते. पुराणकथेचे मर्म असे, की युधिष्ठिराला शिक्षा म्हणून कोणी मारले नाही. तो इतरांसारखा झाला, एवढेच. ज्या पेढीच्या शब्दावर लाखांचे सौदे होत असत, त्या पेढीला एक दिवस लेखी हमी मागितली जाते. चार बोटांचे अंतर ते हेच.

मायेच्या तीव्रतेसाठी शास्त्रकारांनी बांबूच्या मुळाची उपमा दिली आहे. ते मूळ इतके वाकडेतिकडे असते, की काही केल्या सरळ होत नाही. उत्तम आर्जव म्हणजे सरळपणा. मनात, बोलण्यात आणि वहीत एकच आकडा असणे, ही त्याची व्यापाऱ्याच्या भाषेतील व्याख्या होय.

लोभ : कुबेराचा वंशज

लोभासुराच्या जन्मकथेत कुबेर आहे, हे पुराणकाराचे मोठेच धाडस म्हणावे लागेल. कुबेर हा धनाचा स्वामी. त्याला कमी काय होते? कैलासावर गेला असता त्याची अभिलाषेची दृष्टी पार्वतीवर पडली. देवीच्या क्रोधाने तो भयभीत झाला आणि त्या अवस्थेत त्याच्यापासून लोभासुर निर्माण झाला. अभिलाषा आणि भय ही लोभाची जन्मदात्री ठरली. दारिद्र्यातून लोभ जन्मतो, असा सर्वसाधारण समज असतो. कथा सांगते, की तो भरल्या भांडारात जन्मतो: आणखी हवे या इच्छेतून आणि आहे ते जाईल या भीतीतून.

पुढे या असुराने तिन्ही लोक जिंकले आणि शंकरालाही कैलास सोडण्यास सांगितले. अखेर गजाननाचा निरोप आला, तेव्हा त्याने गुरू शुक्राचार्यांचा सल्ला घेतला आणि युद्ध न करताच शरणागती पत्करली. लोभाला बाहेरून कोणी हरवू शकत नाही; त्याला आतूनच समजावे लागते, असे जणू कथा सुचवते.

मम्मण शेठची कथा जैन घरांत याच कारणासाठी सांगितली जाते. पावसाळी रात्री पुराच्या पाण्यात उतरून तो लाकडे ओढून काढत होता. श्रेणिक राजाला त्याची दया आली. एका बैलाची जोडी पुरी करायची आहे, असे त्याने सांगितले, तेव्हा राजाने आपल्या गोठ्यातील बैल देऊ केला. मग शेठने राजाला घरी नेऊन रत्नजडित सोन्याचा बैल दाखवला आणि असाच दुसरा हवा असल्याचे सांगितले. दानही नाही, भोगही नाही. फक्त जोडी पुरी करण्याची धडपड. अशी जोडी प्रत्येक पिढीत वेगळी असते. कोणाला दुसरा गाळा हवा असतो, कोणाला दुसऱ्या शहरात बंगला.

गुणस्थानांच्या क्रमात दहाव्या पायरीपर्यंत इतर कषाय शांत होतात किंवा क्षीण होतात. तेथेही सूक्ष्म लोभ तेवढा उरलेला असतो. सर्वांत शेवटी जाणारा शत्रू तोच. म्हणून गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले. सर्व सोडा असे ते म्हणत नाही. आकडा ठरवा, असे म्हणते. ज्या घरात असा आकडा एकदा कागदावर लिहिला गेला, तेथे लोभाला कुंपण पडले.

एका वहीची गोष्ट

कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेत हळदीची आडत असलेल्या दोघा भावांच्या घरात हे चारही असुर नऊ वर्षे नांदत होते. वडील गेल्यावर पेढी थोरल्याकडे राहिली आणि धाकट्याने वसुलीचे काम पाहिले. वखारीचा एक गाळा भाड्याने दिला होता. त्याच्या महिना ४,००० रुपये भाड्यात दोघांचा निम्मा वाटा होता. तीन वर्षांचे हे भाडे थोरल्याने धाकट्याच्या खात्यावर जमा न करता वेगळ्या वहीत लिहिले आणि वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च त्यातून वळता केला. याविषयी तो घरात काही बोलला नाही. धाकट्याला ही गोष्ट भाडेकरूकडून कळली. तो पेढीवर आला आणि मुनीम व हमालांच्या देखत थोरल्या भावाला चोर म्हणाला. त्या दिवसापासून बोलणे बंद झाले.

थोरल्याने ती वही कधीच दाखवली नाही. त्याला कारण होते. भाडे १,४४,००० रुपये आले होते आणि दवाखान्याचा खर्च १,१०,००० रुपये झाला होता. शेवटच्या पानावर ३४,००० रुपये शिल्लक दिसत होते आणि ती रक्कम त्याच्याकडेच राहिली होती. धाकट्याच्या वाट्याचे १७,००० रुपये. खर्चाची पाने दाखवायची, तर शिल्लकेचे पानही दाखवावे लागले असते. एवढ्या रकमेसाठी त्याने चोर हा शब्द नऊ वर्षे सहन केला आणि स्वतःवर अन्याय झाल्याचे दुःखही जपले.

दरवर्षी भाद्रपद वद्य प्रतिपदेला, क्षमावाणीच्या दिवशी, दोघेही मोबाइलवरून शेकडो लोकांना क्षमायाचनेचा संदेश पाठवीत. एका वर्षी दशलक्षणाच्या सुरुवातीला आईने थोरल्याला विचारले, “गेल्या वर्षी किती लोकांना क्षमेचा निरोप पाठवलास?” तो म्हणाला, “चारशे तरी असतील.” आई म्हणाली, “त्यांतल्या किती जणांशी तुझे वैर होते?”

त्याने उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी मंदिरात उत्तम आर्जवावर प्रवचन झाले. त्या रात्री त्याने कपाटातून वही काढली आणि पहिल्या पानापासून बेरीज पुन्हा केली. क्षमावाणीच्या दिवशी सकाळी तो वही घेऊन भावाच्या दारात गेला. धाकट्याने बसायला सांगितले आणि वही उघडली. भाड्याच्या नोंदी त्याने भराभर उलटल्या. दवाखान्याच्या नोंदींवर मात्र तो थांबला. वडिलांच्या शेवटच्या आठ महिन्यांचा खर्च तो प्रथमच पाहत होता. त्याने तो कधी विचारलाच नव्हता. शेवटच्या पानावर आल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

“अण्णा, हे तुम्ही तेव्हाच दाखवायचे होते.”

“हो,” थोरला म्हणाला. “शेवटच्या पानाची लाज वाटत होती.”

१७,००० रुपये त्याच दिवशी जमा झाले. दुसऱ्या शब्दाची परतफेड धाकट्याने दुसऱ्या दिवशी केली. नऊ वर्षांनी तो पेढीची पायरी चढला, सौदे चालू असताना त्याच हमालांच्या समोर थोरल्या भावाच्या पाया पडला आणि चहा होईपर्यंत गादीवर बसून राहिला. वखारीची वाटणी अजून झालेली नाही. दोन घरांतील मुले एकमेकांशी अवघडूनच बोलतात. नऊ वर्षांची रेघ एका सकाळीत पुसली जात नाही. पण दगडावरची रेघ मातीवर आली, एवढे निश्चित.

शरणागतीनंतर

कोणत्याही अवताराने या घरात प्रवेश केला नाही. एका वृद्धेने प्रश्न विचारला आणि एका माणसाने आपली वही उघडली. जैन दृष्टीने पुराणकथेचा अर्थ येथे पूर्ण होतो. कथेतील देव म्हणजे जागा झालेला आत्मा, शस्त्र म्हणजे विवेक, आणि रणांगण कधी पेढीवर असते, कधी स्वयंपाकघरात.

तरीही जैन दर्शन येथे एक पाऊल पुढे जाते आणि सावधही करते. असुर शरण आला म्हणजे संपला, असे नाही. कषाय दबून शांत होणे हा उपशम, आणि ते मुळासकट नाहीसे होणे हा क्षय. उपशमाच्या मार्गाने अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला जीवही तेथून खाली येतो. कारण दबलेले पुन्हा उसळते. हळद साठवण्याचे पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. आत कोंडलेली हवा जिवावर बेतू शकते, म्हणून ते काही काळ उघडे ठेवतात आणि मगच उतरतात. बरीच वर्षे बंद राहिलेल्या मनालाही तसाच वेळ द्यावा लागतो. एकदा क्षमा मागितली म्हणून दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखे प्रेम मागू नये, आणि ते मिळाले नाही म्हणून पुन्हा रागावूही नये.

मुद्गल पुराणातील शरण आलेल्या असुरांना जागा नेमून दिली जाते, तीही अर्थपूर्ण आहे. जेथे कार्यारंभी ईशस्मरण होत नाही, तेथे त्यांनी राहावे. स्मरण सुटले, की असुराला घर मिळते. मत्सरासुर इंद्राच्या प्रमादातून जन्मला होता, हे येथे पुन्हा आठवावे. उत्तराध्ययन सूत्रात भगवंतांनी गौतमाला अप्रमादाचा उपदेश वारंवार केला आहे. दुकान उघडताना नवकार म्हणणारे हात काही क्षणांतच तराजूकडे वळतात. नवकाराने जागे केलेले भान पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत टिकले, तर त्या दिवसापुरता लोभासुर दाराबाहेर थांबतो. ते संध्याकाळी गल्ला मोजेपर्यंत टिकले, तर तो दिवस साधनेचा ठरतो.

अनंत चतुर्दशीला मिरवणुका नदीकडे जातात आणि मातीची मूर्ती पाण्यात विरघळते. त्याच दिवशी मंदिरांत दशलक्षणाची सांगता होते. पंधरवड्याने पुन्हा सौदे, पुन्हा वसुली, पुन्हा भाऊबंदांतील हिशेब सुरू होतात. ज्या घरात या काळात एक तरी बंद वही उघडली गेली असेल, त्या घरात उत्सवही झाला आणि पर्वही झाले.